असलेल्या डिस्क आणि दिसणारे ड्राइव्ह : प्रस्तावना

डेटा सेंटरमधल्या एखाद्या सर्व्हरला आपल्याजवळच्या डिस्कची यादी मागितली, की तो निःशंकपणे उत्तर देतो : एक डिस्क, २ टेराबाइटची. केबलचा माग काढत स्टोरेजच्या रॅकपाशी जावे, तर तिथे २ टेराबाइटची एकही डिस्क नसते. असतात त्या ६०० गिगाबाइटच्या डिस्कच्या रांगा, एकाखाली एक बसवलेल्या एन्क्लोजरमध्ये, प्रत्येकीचा हिरवा दिवा लुकलुकत असलेला. सर्व्हरने दिलेले उत्तर चुकीचे नसते. त्याला जे दाखवण्यात आले आहे, तेच तो सांगतो. सर्व्हरला दिसणारा हा ड्राइव्ह आणि रॅकमध्ये खरोखर फिरणाऱ्या डिस्क यांच्यामध्ये रचनेचे चार-पाच थर असतात. हे पुस्तक त्या थरांविषयी आहे.

पुस्तकभर एकच गोष्ट सांगायची आहे, ती आरंभीच सांगतो. पुष्कळ डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या अशा यंत्राला अ‍ॅरे म्हणतात. अ‍ॅरेवरचे रोजचे काम लॉजिकल ड्राइव्हच्या, म्हणजे सर्व्हरला दिसणाऱ्या ड्राइव्हच्या, नावाने चालते; बिघाड मात्र नेहमी एखाद्या वस्तूत होतो. डिस्क जाते, एन्क्लोजरचा वीजपुरवठा जातो, कंट्रोलर बंद पडतो, केबल सैल होते. त्या वस्तूच्या जाण्याने कोणकोणत्या लॉजिकल ड्राइव्हना धक्का बसेल, हे ज्याला आधीच ठाऊक असते, त्याच्याच हातात तो अ‍ॅरे सुरक्षित असतो. सातबाऱ्यावर एक गट दिसतो, पण शिवारात त्याच गटात काळी जमीन असते, खडकाळ माळ असतो, पावसाळ्यात फुटणारा बांधही असतो. कसणाऱ्याला उतारा आणि शिवार दोन्ही माहीत असावे लागतात. स्टोरेज सांभाळणाऱ्याचेही तसेच आहे.

लॉजिकल आणि फिजिकल हे दोन नकाशे वेगळे झाले कधी आणि का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक ३०५ हा संगणक जाहीर केला. त्याच्या ३५० या डिस्क युनिटमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. त्यानंतरची तीस वर्षे मोठ्या संगणकांच्या जगात अधिक जागा हवी म्हणजे अधिक मोठी, अधिक महाग डिस्क घ्यायची, हीच रीत होती. संगणकाला जी डिस्क दिसे, ती तिथे खरोखर असे. १९८० च्या दशकात पर्सनल कॉम्प्युटरमुळे छोट्या आणि स्वस्त डिस्कचे उत्पादन वाढले, आणि एका महाकाय डिस्कऐवजी अशा पुष्कळ डिस्क एकत्र का बांधू नयेत, हा विचार पुढे आला.

त्या विचाराला गणिताचा पाया मिळाला तो १९८८ मध्ये. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी सिग्मॉड परिषदेत मांडलेल्या निबंधात 'रेड' ही संज्ञा आणि तिच्या पाच पातळ्या पुढे आल्या. त्यांनी तुलनेला घेतलेल्या आयबीएम ३३८० या मोठ्या डिस्कची क्षमता ७,५०० मेगाबाइट होती. कॉनर कंपनीच्या छोट्या डिस्कची १०० मेगाबाइट. म्हणजे ७५ छोट्या डिस्क मोठीची जागा घेऊ शकत होत्या. शिवाय ७५ डिस्कची हेड एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी वाचू-लिहू शकतात, त्यामुळे वेगही वाढणार होता. अडचण होती ती टिकाऊपणाची. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर १०० डिस्कपैकी कुठलीतरी एक सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, बंद पडणार. हा हिशेब पाहता नुसत्या डिस्क एकत्र बांधणे म्हणजे डेटा गमावण्याची सोय करून ठेवणे होते.

यावरचा त्यांचा उपाय म्हणजे जास्तीची माहिती लिहून ठेवणे. त्यातली सर्वांत काटकसरी पद्धत पॅरिटीची. आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना याच जातीच्या कल्पनेवर १९७८ मध्येच पेटंट मिळाले होते. तिचे तत्त्व शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. चार डिस्कच्या एकाच जागेवरचे बिट १, ०, १, १ असे असतील, तर त्यांत १ हा अंक तीनदा आला. पाचव्या डिस्कवर आपण १ लिहितो, म्हणजे एकूण संख्या सम होते. आता तिसरी डिस्क गेली. उरलेल्यांवर १, ०, १ आणि पॅरिटीचा १ असे तीन एक दिसतात. संख्या सम असायलाच हवी, म्हणजे हरवलेला बिट १ होता. हाच हिशेब अब्जावधी बिटांसाठी कंट्रोलर करत राहतो. एखादी डिस्क पूर्ण गेली असतानाही सर्व्हरचे काम अखंड चालते, ते एवढ्याशा सम-विषमाच्या बळावर.

तत्त्व सोपे असले, तरी प्रत्यक्ष अ‍ॅरेमध्ये ते बसवताना एकेक थर चढत जातो. हे थर दाखवण्यासाठी या पुस्तकात एक खरे घराणे निवडले आहे : एलएसआय कंपनीच्या एन्जेनिओ विभागाने घडवलेले आणि आयबीएमने डीएस ४००० या नावाने विकलेले अ‍ॅरे. याच घराण्याचा व्यवसाय २०११ मध्ये नेटअ‍ॅपने घेतला आणि त्याची पुढची पिढी ई-सिरीज म्हणून ओळखली जाते. या घराण्यात थर लपवलेले नाहीत. प्रत्येक थर व्यवस्थापकाला स्वतःच्या हाताने रचावा लागतो. शिकण्यासाठी म्हणूनच ते उत्तम.

सर्वांत खाली फिजिकल ड्राइव्ह. डीएस ४८०० मध्ये १६ ड्राइव्हची १४ एन्क्लोजर जोडली, की २२४ ड्राइव्ह होतात. त्यांतले काही निवडून त्यांचा एक गट करायचा आणि त्या गटाला रेडची पातळी द्यायची. या घराण्याच्या भाषेत त्या गटालाच 'अ‍ॅरे' म्हणतात. (इतर कंपन्या याला रेड ग्रुप म्हणतात, या पुस्तकात घोळ होऊ नये म्हणून गटाला 'रेड गट' आणि संपूर्ण यंत्राला 'अ‍ॅरे' म्हटले आहे.) रेड गटाच्या जागेतून हवे तेवढे तुकडे कापले जातात, ते लॉजिकल ड्राइव्ह. प्रत्येक लॉजिकल ड्राइव्ह एखाद्या सर्व्हरला विशिष्ट क्रमांकाने दाखवला जातो, तो क्रमांक म्हणजे लन. सर्व्हरला दिसतो तो हा शेवटचा थर. खालचे सगळे त्याच्या दृष्टीने नाहीच.

पहिला महत्त्वाचा निर्णय गटाच्या पातळीचा. ६०० गिगाबाइटच्या आठ डिस्क घेतल्या, तर रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाऊन ४,२०० गिगाबाइट हाती राहतात. रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी जाते आणि ३,६०० उरतात, पण दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. रेड १० मध्ये प्रत्येक डिस्कची जुळी प्रत असते, म्हणून २,४०० च मिळतात. फक्त जागेकडे पाहिले तर रेड ५ कुणालाही मोहात पाडेल. पण लिहिण्याचा खर्च पाहिला की चित्र पालटते. रेड ५ मध्ये एक छोटा ब्लॉक बदलायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशा चार फेऱ्या होतात. रेड ६ मध्ये सहा होतात, रेड १० मध्ये दोन. बँकेच्या व्यवहारांसारखे छोटे, विखुरलेले लेखन जिथे सतत चालते, तिथे हा फरक ग्राहकाला काउंटरवर उभे राहून जाणवतो. उलट व्हिडिओसारखा सलग डेटा लिहिताना पूर्ण पट्टा एकदम लिहिला जातो. समजा चार डिस्कवर डेटा आणि पाचवीवर पॅरिटी आहे आणि प्रत्येक डिस्कवरचा सेगमेंट १२८ किलोबाइटचा आहे, तर ५१२ किलोबाइटचा पट्टा एकाच दमात उतरतो आणि जुने काही वाचावेच लागत नाही. त्यामुळे कोणती पातळी चांगली, या प्रश्नाला डेटाचा स्वभाव कळल्याशिवाय उत्तर नाही.

दुसरा निर्णय तुकडे कापण्याचा, आणि व्यवहारात सर्वाधिक गफलत इथे होते. एका रेड गटातून डेटाबेससाठी एक लॉजिकल ड्राइव्ह कापला, दुसरा बॅकअप ठेवण्यासाठी. सर्व्हरवर ते दोन स्वतंत्र ड्राइव्ह दिसतात. कागदावर वाटते की डेटा एकीकडे, बॅकअप दुसरीकडे. प्रत्यक्षात दोन्ही त्याच डिस्कवर आहेत. रात्री बॅकअप सुरू झाला की त्याच हेडना दोन टोकांकडे धावावे लागते. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या डिस्कलाही एक फेरा पुरा करायला ४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली येण्याची सरासरी वाट २ मिलिसेकंद. त्यात हेड हलवण्याचा वेळ मिळवला की सेकंदाला दोनशेहून कमीच विखुरलेल्या फेऱ्या एका डिस्ककडून होतात. त्या फेऱ्या दोन लॉजिकल ड्राइव्हमध्ये वाटल्या जातात. याहून गंभीर म्हणजे तो रेड गट कोसळला, तर डेटा आणि त्याचा बॅकअप एकाच क्षणी जातात. लॉजिकल नकाशावरची भिंत फिजिकल नकाशावर असेलच असे नाही, हे या उदाहरणाइतके स्पष्ट दुसरे कशानेच होत नाही.

यानंतर कंट्रोलरचा थर. अशा अ‍ॅरेमध्ये दोन कंट्रोलर असतात आणि प्रत्येक लॉजिकल ड्राइव्हचा एक ठरलेला मालक असतो, अ किंवा ब. एक कंट्रोलर गेला की दुसरा त्याचे सगळे ड्राइव्ह आपल्याकडे घेतो, आणि सर्व्हरवरचे मल्टिपाथ सॉफ्टवेअर वाट बदलते. दुरुस्ती झाली तरी ड्राइव्ह आपापल्या मालकाकडे परत गेले का, हे तपासावे लागते. नाहीतर एका कंट्रोलरवर सारा भार आणि दुसरा रिकामा, अशी स्थिती कुणाच्याही लक्षात न येता राहू शकते. लिहिलेला डेटा डिस्कवर पोचण्याआधी कंट्रोलरच्या कॅशमध्ये असतो. त्याची प्रत दुसऱ्या कंट्रोलरच्या कॅशमध्ये ठेवली जाते आणि वीज गेली तर बॅटरी तो जपते. म्हणून बॅटरीचा इशारा आला की तो डिस्कच्या बिघाडाइतक्याच तातडीने घ्यायचा असतो.

लनच्या क्रमांकांचीही एक शिस्त आहे. अ‍ॅरे वेगवेगळ्या सर्व्हरना वेगवेगळे ड्राइव्ह दाखवतो, त्यामुळे एका सर्व्हरचा लन ० आणि दुसऱ्याचा लन ० हे अगदी निराळे लॉजिकल ड्राइव्ह असू शकतात. उलट चुकून एकच लॉजिकल ड्राइव्ह दोन सर्व्हरना जोडला गेला आणि त्यांच्यावर क्लस्टरची व्यवस्था नसली, तर दोघेही तो आपलाच समजून लिहीत सुटतात आणि थोड्याच वेळात फाइल सिस्टिम वाचण्याजोगी राहत नाही. अशा वेळी सगळ्या डिस्क धडधाकट असतात, पॅरिटी अचूक असते, आणि डेटा गेलेला असतो.

आता पुन्हा खाली, वस्तूंकडे. रेड गटासाठी डिस्क निवडताना त्या कुठल्या एन्क्लोजरमधल्या आहेत, याला फार महत्त्व आहे. पाच डिस्कचा रेड ५ गट एकाच एन्क्लोजरमध्ये रचला आणि त्या एन्क्लोजरचे दोन्ही वीजपुरवठे गेले, तर पाचही डिस्क एकदम दिसेनाशा होतात. त्याच पाच डिस्क पाच एन्क्लोजरमधून एकेक घेतल्या, तर एक अख्खे एन्क्लोजर गेले तरी गटातली एकच डिस्क जाते आणि काम चालू राहते. खर्च तोच, डिस्क तितक्याच. फरक फक्त निवडीच्या वेळी केलेल्या विचाराचा. बिघडलेल्या डिस्कची जागा आपोआप घेण्यासाठी काही डिस्क हॉट स्पेअर म्हणून मोकळ्या ठेवतात. स्पेअरची क्षमता गटातल्या डिस्कहून कमी असेल तर ती प्रसंगी कामाला येत नाही. आणि गटातली एक डिस्क गेलेली असताना खराब डिस्कऐवजी शेजारची चांगली डिस्क हाताने ओढून काढली गेली, तर रेड ५ चा आधारच संपतो. म्हणून दिवा लावून डिस्क ओळखण्याची सोय अ‍ॅरेमध्ये दिलेली असते, आणि ती प्रत्येक वेळी वापरायची असते.

डिस्क गेल्यानंतर ती पुन्हा उभी करायला, म्हणजे रिबिल्डला, लागणारा वेळ हा आजचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. १९८८ च्या निबंधातला हिशेब पाहा. डेटाच्या १०० डिस्क, दहा-दहाच्या गटांत प्रत्येकी एक पॅरिटी डिस्क, आणि बिघडलेली डिस्क एका तासात पूर्ववत झाली असे धरून त्यांनी डेटा जाण्याचा सरासरी काळ काढला : सुमारे ८,२०,००० तास, म्हणजे नव्वद वर्षांहून अधिक. दुरुस्तीचा तास त्या सूत्रात छेदस्थानी आहे. आज २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटच्या अखंड वेगाने लिहिली, तरी १ लाख सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ २८ तास. आणि सर्व्हरचे काम चालू असताना तो वेग मिळतही नाही. बाकी सगळे आकडे तेच ठेवून एका तासाच्या जागी २८ घातले, तर नव्वद वर्षांची सव्वातीन-साडेतीन वर्षे होतात. आजच्या डिस्क १९८८ च्या डिस्कहून टिकाऊ आहेत, हे खरे. पण डिस्कची क्षमता जितकी वाढली तितका तिचा वेग वाढला नाही, आणि छेदातला तो आकडा फुगत गेला, हेही तितकेच खरे.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. गार्थ गिब्सन यांनीच २००७ मध्ये बियांका श्रोडर यांच्याबरोबर सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्या १० लाख तासांचे सरासरी आयुष्य सांगत असताना प्रत्यक्षात दरवर्षी २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे ही सामान्य गोष्ट असल्याचे त्यांना दिसले. शिवाय बिघाड एकमेकांपासून सुटे येत नाहीत, एकापाठोपाठ येण्याकडे त्यांचा कल असतो, असेही आढळले. दुसरी गोष्ट म्हणजे डिस्क चालू असते, पण तिचा एखादा सेक्टर वाचता येत नाही, आणि तो कुणी वाचायला जाईपर्यंत कळत नाही. रिबिल्डच्या वेळी उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो, आणि रेड ५ मध्ये नेमक्या त्याच वेळी दुसरा आधार उरलेला नसतो. मोठ्या डिस्कसाठी रेड ६ का रूढ झाले, आणि अ‍ॅरेने निवांत वेळी सगळे सेक्टर वाचून पाहत राहणे का आवश्यक आहे, याचे उत्तर इथे आहे.

या अडचणीतून रचनेची नवी पद्धत निघाली. एकाच स्पेअर डिस्कवर सगळे लिहायचे म्हणून वेळ लागतो ना, मग मोकळी जागा सगळ्या डिस्कवर थोडी थोडी पसरून ठेवा. एन्जेनिओच्या वारसदार ई-सिरीजमध्ये डायनॅमिक डिस्क पूल आले, त्यांत किमान ११ डिस्क लागतात. प्रत्येक डिस्कचे ५१२ मेगाबाइटचे तुकडे पाडले जातात आणि वेगवेगळ्या दहा डिस्कवरचे दहा तुकडे मिळून एक पट्टा होतो. त्यात आठ तुकड्यांएवढा डेटा, दोन तुकड्यांएवढी पॅरिटी. डिस्क गेली, की तिच्यावरचे तुकडे उरलेल्या अनेक डिस्कवर एकाच वेळी पुन्हा घडवले जातात. वाचणारेही अनेक, लिहिणारेही अनेक. थ्रीपारचे अ‍ॅरे डिस्कचे 'चंकलेट' पाडत, एक्सआयव्हीचे १ मेगाबाइटचे भाग करत. मार्ग वेगळे, विचार एकच. मात्र या पद्धतीत कोणता लॉजिकल ड्राइव्ह कोणत्या डिस्कवर आहे, याचे उत्तर बहुधा 'सगळ्यांवर थोडा थोडा' असे येते. रिबिल्ड लवकर होतो, पण मर्यादेपलीकडे डिस्क गेल्या तर फटका पूलमधल्या सर्वच ड्राइव्हना बसतो. बिघाडाची सीमा पुसली गेली नाही, ती पूलच्या कडेपर्यंत सरकली. पूल किती मोठा करायचा आणि कोणते ड्राइव्ह वेगळ्या पूलमध्ये ठेवायचे, हा निर्णय म्हणूनच आजही माणसाचा आहे. फ्लॅश डिस्कमध्ये फिरणारी तबकडी गेली आणि हेडची वाटही संपली. तरी फ्लॅश झिजते, बंद पडते, आणि तिलाही एन्क्लोजर, कंट्रोलर आणि वीज लागतेच.

रेड म्हणजे बॅकअप, हा समज मात्र मनातून पूर्ण काढून टाकावा. चुकून पुसलेली फाइल अ‍ॅरे सगळ्या डिस्कवरून तितक्याच निष्ठेने पुसतो. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेल्या डेटाचीही पॅरिटी बिनचूक काढतो. अ‍ॅरे वस्तूंच्या बिघाडापासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून, दुष्टाव्यापासून आणि आगीपासून वाचवण्यासाठी दुसऱ्या जागी ठेवलेली, परत आणून तपासलेली प्रतच लागते.

पुस्तकाची मांडणी खालून वर केली आहे. पहिल्या भागात डिस्क, सेक्टर आणि एन्क्लोजर, दुसऱ्यात रेड गट आणि पॅरिटी, तिसऱ्यात लॉजिकल ड्राइव्ह, कंट्रोलर आणि लन, चौथ्यात पूल, आणि पाचव्यात बिघाडाचे प्रसंग, त्यांत वरून खाली उतरत माग कसा काढायचा हे दाखवले आहे. गणित साध्या अंकगणितापलीकडे आणि सम-विषमापलीकडे जात नाही. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते सहकारी बँकेतले, रुग्णालयातले, महाविद्यालयातले सिस्टिम सांभाळणारे तरुण, आणि नव्याने या क्षेत्रात शिरणारे विद्यार्थी. व्हेरिटाससारख्या कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात वाढले आणि साठवणुकीचे सॉफ्टवेअर लिहिणे हा अनेक मराठी अभियंत्यांचा रोजचा व्यवसाय झाला. ते ज्ञान ज्यांच्या हाती यंत्रे आहेत त्यांच्यापर्यंत त्यांच्याच भाषेत पोचावे, ही मनापासूनची इच्छा या लेखनामागे आहे.

पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाने आपल्या कामावरचा एक लॉजिकल ड्राइव्ह निवडावा आणि एका कागदावर लिहावे : तो कोणत्या रेड गटात किंवा पूलमध्ये आहे, त्या डिस्क कोणकोणत्या एन्क्लोजरमध्ये आहेत, त्याचा मालक कंट्रोलर कोणता, तो कोणकोणत्या सर्व्हरना दिसतो, किती डिस्क गेल्या तर तो तग धरेल, आणि त्याची परत आणून तपासलेली प्रत कुठे आहे. ही सहा उत्तरे न अडखळता लिहिता आली, तर पुस्तकाचे काम झाले असे समजावे. आणि एखादे उत्तर सापडले नाही, तर ते सगळे काही सुरळीत चालू असतानाच शोधून ठेवावे.